खोट्या तापाची चिठ्ठी नको

प्रश्न : आमचं लक्ष्मी रस्त्यावर साड्यांचं दुकान आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे नेमकी मुलांना सुट्टी असते तेव्हा, आम्हाला जेवायची फुरसत नसते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, सगळे मिळून चार दिवससुद्धा कुठे गेलेलो नाही. यंदा संक्रांतीच्या काळ्या साड्यांची गर्दी ओसरली की दुकान सासरे आणि दीर बघणार आहेत. आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी असे दहा दिवस विजापूर, बदामी, हंपी करून यायचा बेत आहे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘मी परवानगी देऊ शकत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.’ सासरे म्हणतात, ताप आला म्हणून कळवा, ओळखीचे डॉक्टर दाखला देतील. इंग्लंडमधली नणंद सांगते, तिकडे याला दंड होतो. मुलगी एका पायावर तयार आहे. मुलगा फारसा खूश नाही. त्याच आठवड्यात शाळेची सहल आहे म्हणे, पण ती एका दिवसाचीच. सहलीसाठी शाळा बुडवणं चुकीचं आहे का?
– एक आई, कोथरूड

उत्तर :

ताई,

जरूर जा. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या पत्रात आनंदापेक्षा धाकधूकच जास्त आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाचे बस्ते बांधून देताना तुमच्या घराची सुट्टी मागेच पडत राहिली. शाळेचं वेळापत्रक ज्या घरांना सोयीचं पडतं, त्यांना हे चटकन कळणार नाही. दुकानदाराचं घर, दवाखान्यात पाळीवर काम करणाऱ्यांचं घर, हॉटेल चालवणाऱ्यांचं घर, यांची फुरसत आणि मुलांची सुट्टी एका कॅलेंडरवर कधी येतच नाही. मुलं घरात आहेत तोवर त्यांच्याबरोबर एकदा नीट फिरून यावं, ही इच्छा काही चैन नाही.

पण एक गोष्ट पाहा. अशी रजा आपण मोठी माणसं घेतो आणि तिची भरपाई मुलं करतात. बुडालेल्या तासांच्या वह्या त्यांनी पूर्ण करायच्या, वर्गात ‘कुठे होतास?’ला उत्तर त्यांनी द्यायचं, बाईंची नाराजी त्यांनी झेलायची. तुमच्या पत्रातल्या प्रत्येक प्रश्नाकडे मी याच बाजूने बघणार आहे. जावं की नाही यापेक्षा, गेल्यामुळे मुलांच्या अंगावर काय पडेल आणि त्यातलं किती तुम्हाला स्वतःकडे घेता येईल, ते महत्त्वाचं.

नियमांचं पटकन सांगते. नणंदबाईंचं खरं आहे. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना परवानगीशिवाय मूल सहलीला नेलं तर ऑगस्ट 2024पासून प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे 80 पौंड दंड होऊ शकतो आणि 21 दिवसांत भरला नाही तर तो 160 होतो. आपल्या 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात अशा रजेसाठी पालकांना दंड नाही. त्या कायद्यात शाळेचे किमान दिवस ठरवलेले आहेत, पहिली ते पाचवीला 200 आणि सहावी ते आठवीला 220. त्यात आठवडाभर म्हणजे फार नव्हे. दहावी-बारावीला बोर्डाची 75 टक्के हजेरीची अट असते, तिचा तुमच्याशी अजून संबंध नाही. आठवीचं मात्र एक ध्यानात असू द्या. 2023–24पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. एरवी बऱ्यापैकी अभ्यास करणाऱ्या मुलाला जानेवारीतल्या एका आठवड्याने याची भीती नाही. आधीच गणितात अडखळत असेल तर तयारी थोडी जास्त करावी लागेल, इतकंच.

वर्गशिक्षिका जे बोलल्या ते तुम्हाला तुटक वाटलं असेल. मला नाही वाटलं. मी स्वतः अनेक वर्षं वर्ग सांभाळला आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एका आईला ‘हो, न्या की’ म्हटलं तर पुढच्या सोमवारी चार पालक दारात उभे राहतात. रजा मंजूर करणं त्यांच्या हातातही नसतं, ते मुख्याध्यापकांचं काम. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ यात विरोध नाही. त्यांच्या तोंडून ‘हो’ वदवून घ्यायच्या मागे लागू नका. त्यांना कळवा आणि त्यांचं काम वाढणार नाही एवढं बघा.

आता सासऱ्यांची सूचना. ते मुलांच्या काळजीनेच बोलले असणार; त्यांच्या पिढीत अशी चिठ्ठी सर्रास चालायची. तरी हे करू नका. खोटा दाखला देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत गैरवर्तन आहे, तेव्हा ओळखीच्या माणसाला त्यात ओढणंही बरं नाही. पण माझा मुद्दा त्याहून साधा आहे. ते खोटं तुम्ही एकदाच लिहाल, मुलांना ते रोज बोलावं लागेल.

माझ्या वर्गात पाचवीतली एक मुलगी आठवडाभराच्या ‘तापा’नंतर आली होती. चिठ्ठी व्यवस्थित, आईच्या सहीची. आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, चांगली रंगलेली. तिने दिवसभर हात बाकाखाली धरले. लिहितानाही डावा हात मांडीवरच. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर ‘येत नाही’ म्हणाली, आणि तिला ते येत होतं हे मला ठाऊक होतं. मामाच्या लग्नाच्या गोष्टी सांगून जिने मधली सुट्टी डोक्यावर घेतली असती, ती कोपऱ्यात एकटी डबा खात बसली. आईने चिठ्ठीत ‘भावाचं लग्न आहे’ असं लिहिलं असतं तर मी काय केलं असतं? ‘मेंदी छान रंगलीय’ म्हटलं असतं आणि राहिलेला धडा कोणाच्या वहीतून घ्यायचा ते सांगितलं असतं.

तुमची चौथीतली लेक हंपी बघून आल्यावर गप्प बसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि ती बसलीच, तर ते आणखी वाईट. शिवाय आजकाल पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईही असतात, आणि घरातलं कोणी ना कोणी दगडी रथासमोरचा फोटो स्टेटसला लावतंच.

तेव्हा सरळ अर्ज लिहा. मुख्याध्यापकांच्या नावे, वर्गशिक्षिकांमार्फत, निघायच्या दोन आठवडे आधी. फार पाल्हाळ नको. ‘माझी मुलगी, इयत्ता चौथी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कौटुंबिक प्रवासामुळे शाळेत येऊ शकणार नाही. या काळातील अभ्यास आम्ही घरी पूर्ण करून घेऊ. या दिवसांत तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक किंवा चाचणी असल्यास कृपया कळवावे.’ मुलाचा अर्ज वेगळा. दोन्ही अर्ज मुलांच्या दप्तरात घालून पाठवू नका. तुम्ही किंवा यजमानांनी जाऊन हातात द्या. शाळेला जे काही बोलायचं असेल ते तुम्हाला बोलू दे. अर्जातलं शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे आकारिक मूल्यमापनाचे गुण तोंडी काम, उपक्रम, प्रयोग अशा वर्षभराच्या कामावर मिळतात, आणि घटक चाचण्याही याच सुमारास असतात. नेमक्या त्या आठवड्यात काही असेल तर ते आधी किंवा नंतर करून घेता येईल का, हे विचारलेलं बाईंनाही आवडतं.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. मुलगा खूश नाही, शाळेची सहल आहे, पण ती एका दिवसाचीच.

ताई, माझ्या मते सगळ्या पत्रात खरी अडचण हीच आहे. बाकीचं अर्ज आणि वह्यांनी सुटेल. आठवीतल्या मुलाला शाळेची एका दिवसाची सहल तुमच्या दहा दिवसांपेक्षा मोठी वाटते, आणि यात तुमच्यावर प्रेम कमी आहे असं काही नाही. बसमध्ये कोण कोणाशेजारी बसणार याच्या वाटाघाटी आठवडाभर आधीपासून चालतात. पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकापाशी स्वेटर घालून जमायचं, शेवटच्या बाकावर बसून घसा बसेपर्यंत भेंड्या लावायच्या, एकमेकांच्या डब्यांतले पराठे संपवायचे, आणि त्या दिवशी जे काही घडेल त्यावर मार्चपर्यंत हसायचं. तो तिथे नसेल तर मार्चपर्यंत त्या हसण्यातही नसेल. तुम्ही त्याला विरुपाक्षाचं मंदिर दाखवाल, तो ते बघेलही, आणि त्या दिवशी सतत मनात मोजत असेल की आता बस कुठे पोचली असेल.

म्हणून तारीख बदला. दुकानाची सैल वेळ संक्रांतीनंतर माघातली लग्नं सुरू होईपर्यंत आहे, म्हणजे पुढे-मागे सरकायला थोडी तरी जागा असेल. शाळेच्या सहलीची तारीख शाळा तुमच्यासाठी हलवणार नाही. तुमची सहल घरचीच, ती हलू शकते. दिरांशी पुन्हा बोलावं लागलं तरी बोला. आणि हे त्याच्या समोर करा. ‘तुझी सहल आहे ना, मग आपण त्यानंतर निघू’ एवढं त्याने तुमच्या तोंडून ऐकलं तर तो तुमच्या बेतात स्वतःहून शिरेल. काही केल्या तारखा जुळल्याच नाहीत, तर सगळं कुटुंब त्याच्या सहलीनंतर एक दिवस उशिरा निघू दे आणि एखादं ठिकाण गळू दे. ‘तू एकटा आजोबांकडे राहा’ हा पर्याय त्याने स्वतः मागितला तरच विचारात घ्या. तो नाराज आहे म्हणून तुम्ही तो पुढे केलात तर ती शिक्षा वाटेल.

त्याला आणखी एक विचारा, रागावण्याच्या सुरात नव्हे. क्लासची परीक्षा आहे का? कुठल्या स्पर्धेत नाव आहे का? बाहेरच्या एखाद्या परीक्षेला बसतोय का? अशी परीक्षा जवळ आली की सराव प्रश्नपत्रिकांचा मारा असतो आणि मुलं आतून ताणलेली असतात. या वयात मुलं कारण सांगत नाहीत, नुसतं ‘नाही यायचं’ म्हणतात. कारण काढून घ्यावं लागतं, आणि ते जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर निघत नाही. त्याला स्कूटरवर मागे बसवा, दुकानापर्यंत न्या. पाठ असली की ही मुलं बोलतात.

दिवसांबद्दल. दहा दिवसांचा हट्ट नको, नऊ पुरतात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघा आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी रात्री घरी या. पाच पूर्ण दिवस आणि दोन शनिवार एवढीच शाळा बुडेल, आणि शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्याच असतात. 26 जानेवारीला लागून जमलं तर आणखी एक दिवस वाचतो. पण झेंडावंदनाला मुलांचं संचलन किंवा समूहगीत असेल तर तिकडे जाऊ नका. पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापुरात रात्री थांबलात तर सासूबाईंना सलग बसावं लागणार नाही. विजापूरला एक दिवस, बदामी-ऐहोळे-पट्टदकलला दोन, हंपीला तीन असं धरलं तरी प्रवासाला दिवस उरतात.

अभ्यासाची भरपाई आल्यावर रात्री अकरा वाजता फोनवरचे वह्यांचे फोटो मोठे करकरून उतरवण्यात होता कामा नये. दरवेळी तेच होतं आणि त्यातून मूल काहीही शिकत नाही. चौथीचं तुम्ही सहज सांभाळाल. आठवीचं गणित तेवढं खरं जपा, कारण त्यात मधली पायरी गळली की पुढचं कळत नाही. इतिहास-भूगोलाचं तसं नसतं, ते नंतर वाचून होतं. गणिताच्या सरांना विचारा, त्या आठवड्यात कोणतं प्रकरण होणार. या दिवसांत बहुधा त्रिकोणांची एकरूपता किंवा चक्रवाढ व्याज निघेल. चक्रवाढ व्याज त्याच्या वडिलांकडे द्या. उधारी, बँकेचं कर्ज, सीझनच्या आधी उचललेला माल, हे ज्याच्या रोजच्या व्यवहारात आहे त्याच्याइतकं चांगलं ते कोण शिकवणार? निघण्याआधी दोन संध्याकाळी बसा आणि आल्यावर पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास बसा. वह्यांसाठी एका नीटनेटक्या मित्राला आधीच सांगून ठेवा, आणि त्या वह्या दोन दिवसांत परत जातील याकडे तुम्ही लक्ष द्या. सोबत गणिताचं एक पुस्तक न्या. अख्खं दप्तर नेऊ नका. ते डिकीत राहतं आणि सगळ्यांच्या मनावर ओझं ठेवतं.

आणि कृपा करून या सहलीला ‘शैक्षणिक’ बनवायच्या फंदात पडू नका. बऱ्याच आया अशा वेळी मनातली टोचणी कमी व्हावी म्हणून मुलांना रोज डायरी लिहायला लावतात, प्रत्येक शिल्पासमोर प्रश्न विचारतात. तुम्ही निवडलेला रस्ताच इतका बोलका आहे की तुम्ही गप्प राहिलात तरी चालेल. चौथीला इतिहासाच्या पुस्तकात शिवचरित्र आहे, त्यामुळे तुमच्या लेकीने आदिलशाही वर्षभर वाचलेली आहे. अफझलखान जिथून निघाला ते विजापूर खरोखरचं गाव आहे, तिथे रिक्षा आहेत आणि भजीची दुकानं आहेत, हे बघून तिला जे वाटेल ते वाटू द्या. गोलघुमटाला सकाळी दार उघडताच पोचा. गर्दी वाढली की त्या सज्जात नुसता कल्लोळ असतो. सकाळी मात्र भिंतीशी तोंड नेऊन भाऊ कुजबुजला तर समोरच्या टोकाला बहिणीला स्पष्ट ऐकू येतं. वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यातला अरुंद जिना आहे, सात मजली. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी खाली बागेत बसावं, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी मोठं माणूस थांबावं. बदामीलाही लेण्यांना पायऱ्या आहेत.

हंपीत मात्र सासूबाईंना विठ्ठल मंदिरात न्याच. गाडी लांब थांबते, पण तिथून बॅटरीच्या गाड्या असतात, त्यामुळे फार चालावं लागत नाही. तिथला दगडी रथ मुलांना ओळखू येईल. पन्नासाच्या नव्या नोटेच्या मागे तोच आहे. निघताना एक नोट खिशात ठेवा आणि आधी काही सांगू नका. सासूबाईंना त्या रथापेक्षा गाभारा जवळचा वाटेल. तो रिकामा आहे. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला, म्हणजे इथेच, नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती परत आणली, अशी आपल्या वारकऱ्यांची परंपरा सांगते. ती गोष्ट मुलांना तुम्ही सांगू नका, गूगलवरूनही वाचू नका. आजीला सांगू द्या. घरात ती दिवसभर असते, पण मुलं शाळेत, क्लासला आणि तुम्ही दुकानात. गोष्ट सांगायला तिला माणसं मिळतात कधी?

तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढच्या वर्षांचं सांगून ठेवते. मुलगा पुढच्या जानेवारीत नववीत असेल, तेव्हाही चार-पाच दिवस जमतील. त्याच्या पुढच्या जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. त्या वर्षी कोणी कितीही म्हणालं तरी त्याला हलवू नका. नंतर अकरावीचं एक वर्ष सैल असतं खरं, पण तोवर तो तुमच्याबरोबर यायला तयार असेल की मित्रांबरोबर जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. मुलगीही दर वर्षी एक इयत्ता वर जाईल. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत थांबण्यासारखे जानेवारी तुमच्या हातात फारसे नाहीत.

सासऱ्यांशी यजमानांना बोलू द्या. ‘खोटं बोलायला नको’ असं तोंडावर म्हटलं तर त्यांना लागेल. ‘अर्ज दिलाय, शाळेला कळवलंय, आता डॉक्टरांना त्रास द्यायला नको’ एवढ्यावर विषय मिटेल. ते स्वतः गल्ल्यावर बसणार आहेत म्हणून तुम्हाला जाता येतंय, हेही त्यांच्या कानावर पडू द्या.

हंपीच्या मुक्कामाचे पैसे भरायच्या आधी मुलाकडून शाळेच्या सहलीची तारीख पक्की करून घ्या. वहीत लिहून दिलेली सूचना स्वतः वाचा; या तारखा शाळेत दोनदा तरी बदलतात.